दिवाळीचं देणगीपत्र लिहायला बसलेय. 'गोष्ट' घालू की नको?

वाळवण (धागाकर्ती) | शनिवार, सकाळी १०:१२

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मराठवाड्यातल्या एका छोट्या वसतिगृहासाठी दरवर्षी दिवाळीच्या आधी देणगीदारांना जाणारं पत्र मी लिहिते. पगारी नाही, हौशी काम. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा 'ताई, तुमचं अक्षर छान आहे' म्हणून गळ्यात पडलं. आता पत्र छापून जातं, अक्षराचा काही संबंध उरलेला नाही, काम मात्र उरलंय.

वसतिगृहात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या बासष्ट मुली आहेत. दसरा झाला की आईबाप मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कारखान्याच्या वाटेला लागतात, ते गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलला परततात. तेवढे महिने मुलगी मागे राहिली तर शाळा टिकते. आईबापांबरोबर गेली की फडाच्या बांधावर धाकटं भावंड सांभाळत बसायचं.

माझं पत्र पूर्वी असं असायचं: यंदा इतक्या मुली, इतके क्विंटल ज्वारी, इतके सिलिंडर, दोन संडासांची दुरुस्ती बाकी, कळावे, लोभ असावा. पैसे यायचे, पण द्यायचे तेच ते लोक. त्यातलेही दरवर्षी दोन-चार कमी होतात. आमचे देणगीदार वयस्कर आहेत, समजून घ्या.

गेल्या वर्षी नवी कार्यकारिणी आली. 'ताई, ज्वारीचे आकडे कोण वाचतं? एका मुलीची गोष्ट लिहा.' लिहिली. नाव बदललं, गाव गाळलं. फडातच झालेला जन्म, बापाची दारू, सातवीत ठरलेलं लग्न, मग आमचं वसतिगृह आणि दहावीला ७८ टक्के. खोटं कशाला बोलू, लिहिताना मलाच भरून आलं. पैसे आदल्या वर्षीच्या दीडपट आले. एका आजोबांनी चेकबरोबर चिठ्ठी पाठवली, 'त्या लेकराला माझ्याकडून पेढे द्या.'

आणि घोळ इथे झाला. तालुक्याच्या शाळेतले एक सर आमचे देणगीदार आहेत. त्यांनी कौतुकानं ते पत्र अकरावीच्या वर्गात वाचून दाखवलं. नाव बदललेलं होतं, पण त्या वर्गात आमच्या मुली चारच, आणि ७८ टक्के एकीलाच. मधल्या सुट्टीत कुणीतरी तिला विचारलं, 'तुझा बाप लई पितो का गं?'

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आपली पेढे घेऊन गेले. तिनं पुडा घेतला, 'थँक्यू मॅडम' म्हणाली आणि बाकीच्या मुलींना वाटून टाकला. एरवी ती मला आजी म्हणते.

यंदा पुन्हा पत्राची वेळ आलीय. कार्यकारिणीला गोष्ट हवीच आहे. काय करू?

हरभरा | १०:३१

'मॅडम' वाचून पोटात कालवलं. बाकी काही सुचत नाहीये. वाचतेय.

कॉपीवाला | ११:०५

वाळवणताई, मी जाहिरातवाला. सहाएक वर्षं संस्थांची देणगीपत्रं लिहिण्याचं काम पैसे घेऊन केलंय, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय: गोष्ट काढू नका.

यावर अमेरिकेत एक गाजलेला प्रयोग झालाय, २००७ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांकडून एक फालतू प्रश्नावली भरून घ्यायची, त्याचे पाच डॉलर द्यायचे, एकेकाच्या सुट्ट्या नोटा. आणि जाता जाता हातात एक पत्र: यातले काही आफ्रिकेतल्या भुकेलेल्यांसाठी देता का? काहींच्या पत्रात आकडे होते, इतक्या देशांत इतके लाख लोक. काहींच्या पत्रात रोकिया होती, मालीतली सात वर्षांची मुलगी, फोटोसकट. आकडेवाल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियावाल्यांनी २.३८. सरळ दुप्पट. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं: तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडे दोन्ही दिले. त्यांनी दिले १.४३. म्हणजे शेजारी आकडे ठेवले की गोष्टही मिळमिळीत होते. तुमच्या कार्यकारिणीनं हा प्रयोग वाचला नसेल, पण नाडी बरोबर ओळखलीय.

माणूस एका माणसाला देतो. बासष्टांना देत नाही.

निरुपद्रवी | ११:२०

कॉपीवाले, प्रयोगाची शेपटी का तोडलीत? त्याच संशोधकांनी काही जणांना आधी सांगून टाकलं होतं की बाबांनो, एका चेहऱ्याला आपण जास्त देतो, लाखोंना कमी, माणसाचा स्वभावच तसा आहे. हे कळल्यावर लोकांनी काय करावं? आकड्यांना जास्त दिले नाहीत, रोकियालाच कमी दिले.

म्हणजे युक्ती चालते, ती युक्ती आहे हे कळेपर्यंतच. आणि आता मोबाइल उघडला की दर तिसऱ्या व्हिडिओआधी नळ्या लावलेलं बाळ आणि रडणारी आई येते. लोकांना कळून चुकलंय. मी तर 'स्किप'वर बोट ठेवूनच बसतो. वाईट वाटतं, पण बसतो.

कॉपीवाला | ११:२६

शेपटी मान्य. :)

जर्सीकर | ११:५८ (इथे रात्र आहे, झोप येत नाहीये)

इकडे अमेरिकेत डिसेंबरात या पत्रांचा महापूर येतो, कारण करसवलतीसाठी ३१ डिसेंबरच्या आत द्यायचं असतं. माझ्या टपालपेटीत थँक्सगिव्हिंगनंतर रोज दोन-तीन तरी असतात. काहींत माझ्याच नावापत्त्याचे चिकटवायचे कागद फुकट, एकात तर खरं नाणं चिकटवलेलं होतं, म्हणजे तुम्हाला ओशाळं वाटून तुम्ही उत्तर द्याल. चार-चार पानी पत्रं असतात, आणि शेवटी ताजा कलम हवाच. लोक पत्र उघडल्यावर आधी स्वतःचं नाव बघतात, मग थेट खाली सही आणि ता.क., मग वाटलं तर मधलं. त्यामुळे सगळ्यात पिळवटणारं वाक्य ता.क.मध्ये.

आम्ही बरीच वर्षं एका मुलीला दरमहा पैसे पाठवायचो, देश सांगत नाही. तिची पत्रं यायची. 'इथे पाऊस चांगला झाला, मी अभ्यास करते, तुमच्यासाठी प्रार्थना करते.' माझी लेक तेव्हा तेवढ्याच वयाची, ती उत्तरं लिहायची, चित्रं काढायची. एकदा ओळखीच्या घरी बसलो होतो, त्यांचीही एक मुलगी होती अशीच 'दत्तक', दुसऱ्या गावातली. फ्रिजवर तिचं पत्र लावलेलं. पाऊस चांगला झाला, मी अभ्यास करते. ओळ न् ओळ तीच.

पैसे बंद केले नाहीत आम्ही. लेकीनं पत्रं लिहिणं बंद केलं.

चिमणराव_ऑनलाइन | दुपारी १२:४०

ताई, अवांतर विचारतो. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे ना? मग देणग्या कशाला?

वाळवण | १२:५२

आहे. गावात आजी-आजोबा असतील त्या मुलांना तिचा उपयोगही होतो. आमच्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरी मागे कुणीच नसतं, आणि काहींना हंगाम संपल्यावरही परत पाठवायची आम्हाला भीती वाटते. का ते लिहीत नाही. पुन्हा गोष्टच होईल.

सीए_काका | दुपारी १:१५

हिशेबाच्या बाजूनं एक निरीक्षण. मी तीन-चार न्यासांचं ऑडिट करतो. पूर्वी देणगीपत्रात सगळ्यात ठळक ओळ असायची 'कलम ८०जीखाली सवलत', म्हणजे देणगीवर आयकरात वजावट. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चेक घेऊन माणसं धावत यायची, संस्था काय करते हे विचारायचीसुद्धा नाहीत. आता नव्या करप्रणालीत गेलेल्याला ८०जीची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतसुद्धा दोन हजारांवर रोख दिलं तर मिळत नाही, आणि संस्थेनं आयकर खात्याच्या पोर्टलवरून काढलेलं १०बीई प्रमाणपत्र लागतं. म्हणजे जो करासाठी देत होता तो गळाला.

मग उरतो तो मनापासून देणारा. त्याच्यापर्यंत पोचायला गोष्टच लागते. मला वाटतं संस्था एकदम गोष्टींकडे वळल्यात त्यात हाही एक भाग आहे. पूर्वी कलम रडायचं, आता मुलगी रडते.

हरभरा | १:१८

काका!! शेवटचं वाक्य!!

अर्धवट_पुणेकर | दुपारी ३:०२

इतकं गोंधळायचं कारण दिसत नाही मला. महाराष्ट्रातलं सगळं सामाजिक काम गोष्टींवरच उभं आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनात अडकलेल्या पोरांवर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ती पोरं लेखात आली नसती तर? सिंधुताई सपकाळ गावोगाव फिरून आपली कहाणी सांगायच्या आणि भाषण संपलं की पदर पसरायच्या. त्यावर किती लेकरं वाढली. त्यांना कुणी विचारलं का, माई, गोष्ट कशाला सांगता?

तुमच्याकडून चूक झाली ती तपशिलाची. पुढच्या वेळी टक्के बदला, ७८चे ७२ करा. विषय संपला.

निरुपद्रवी | ३:१०

टक्के बदला, गाव बदला, बाप बदला. मग 'सत्यकथा' म्हणून छापा.

चिंचेचं_झाड | रात्री ११:४४

दिवसभर लिहू की नको चाललं होतं. लिहितो.

मी अशाच एका संस्थेत वाढलो. नाव, जिल्हा काही सांगणार नाही. संस्थेनं मला शिकवलं, आज मी नोकरीत आहे, घर आहे, दोन पोरं आहेत. त्यांचे उपकार आहेतच. हे आधी लिहून ठेवतो, कारण असं काही बोललं की लोक पहिलं तेच ऐकवतात.

मी चौथीत असताना पुण्यामुंबईकडचे पाहुणे आले होते. फोटोवाला होता. आदल्या दिवशी आम्हाला सगळ्यांना नवे शर्ट दिले होते, निळे, चौकड्याचे. मी तो घालून पुढं उभा राहिलो. फोटोवाल्यानं सरांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सरांनी मला आत पाठवलं, 'जुना घालून ये.' जुन्याची बाही फाटलेली होती. मला वाटलं आपलं काही चुकलं, नवा शर्ट आता परत घेणार. मी रडायच्या बेतात आलो, आणि तोच फोटो निघाला.

तो फोटो मग पावतीपुस्तकावर आला. बारा-तेरा वर्षं. मी कॉलेजात गेलो, मिशा आल्या, तरी पावतीपुस्तकावर मी चौथीतच. खाली ओळ होती: 'याला तुमच्या मदतीची गरज आहे.' नाव नव्हतं, त्यामुळे सगळे म्हणायचे, नाव कुठं छापलंय? पण शेजारच्या गावच्या किराणा दुकानात त्या पावत्या एका खिळ्याला टोचलेल्या असायच्या. मी तेल आणायला जायचो.

पुणेकर, माईंचं म्हणालात. त्यांनी त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली, स्वतःच्या तोंडानं. कुठं थांबायचं, कुठं हसवायचं, काय गाळायचं, सगळं त्यांच्या हातात होतं. आमची गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली, आणि ती आम्हाला पावतीवर कळली.

वाळवणताई, त्या पोरीला पेढे आवडत नसतील असं नाही.

अर्धवट_पुणेकर | ११:५९

निःशब्द. माझा '७२ टक्के'वाला प्रतिसाद संपादित करता येत नाहीये, राहू दे तसाच. माझी लायकी दिसू दे.

चिंचेचं_झाड | रविवार, ००:०६

अहो तसं काही नाही. तुम्ही देता म्हणूनच विचार करता.

काळा_डगला | रविवार, सकाळी ९:२०

कायद्याचं थोडं सांगते, कारण 'नाव बदललंय ना' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते वाक्य ऐकलं की वकीलपत्र बाजूला ठेवून डोकंच धरते.

बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, किंवा ज्यावरून ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करायचा नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या मुली बालकल्याण समितीमार्फत आलेल्या नसतील तर हे कलम थेट लागतं की नाही यावर मी स्वतः कोर्टात दोन्ही बाजूंनी भांडू शकेन. पण शब्दरचना बघा. कायदा नावापाशी थांबत नाही, 'ओळख पटेल असा तपशील' म्हणतो. तुमचे ७८ टक्के म्हणजे तोच तपशील.

दुसरं, सातवीत ठरलेलं लग्न. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा आहे आणि तो लग्न लावून देणाऱ्या, होऊ देणाऱ्या पालकांनाही सोडत नाही. ठरलं आणि मोडलं, ठीक. पण इतक्या घरांत पत्र जाताना त्या बापाबद्दल तुम्ही काय छापताय याचा विचार करा. आणि कुठल्याही संस्थेनं मुलाच्या किंवा मोठ्या माणसाच्या एचआयव्हीचा उल्लेख करायचा असेल तर २०१७च्या कायद्यानुसार समजून-उमजून दिलेली लेखी संमती हवी. 'त्यांना चालेल' हे संस्थाचालकांनी ठरवायचं नाही.

आणि संमती म्हणजे प्रवेशाच्या दिवशी आठ कागदांबरोबर घेतलेला अंगठा नव्हे. ज्याला जेवणाखाणाची, निवाऱ्याची गरज आहे तो त्या दिवशी कशावरही अंगठा देईल.

कोयनाकाठ | ९:५०

यावरून आठवलं. आनंदवनाची वाद्यवृंदाची मंडळी, स्वरानंदवन, आमच्या गावात आली होती. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग कलाकार. आम्ही तिकीट काढून गेलो. जाताना मनात हेच की चला, तेवढीच मदत. तासाभरात ते पार विसरलो, पुढच्या रांगेतल्या काकू शिट्ट्या मारत होत्या. बाबा आमट्यांचा भर पहिल्यापासून दयेपेक्षा कामावर होता हे पुस्तकात वाचलेलं, तिथे खुर्चीत बसून कळलं. पैसे दिले ते गाण्याचे दिले.

वसतिगृहाच्या मुलींचं असं काही होऊ शकेल का माहीत नाही. फडावरच्या मुलींनी कार्यक्रम करून जेवण मिळवावं असं अजिबात म्हणायचं नाहीये. नुसतं आठवलं.

अर्धवट_पुणेकर | १०:१५

मीही जरा शहाणपण वाचवायचा प्रयत्न करतो. लोकसत्ताचा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम बघा. दर गणेशोत्सवात दहा संस्थांवर रोज एक लेख, आणि वाचक चेक पाठवतात. मी पाठवतो. आठवून बघितलं तर त्यातलं मला जे लक्षात राहतं ते संस्थेचं असतं: कुणी, कुठल्या माळरानावर, कशासाठी सुरू केलं, आता छप्पर हवंय की गाडी हवीय. एकेका लाभार्थ्याच्या जखमा आठवत नाहीत. तरी मी देतोच की. गोष्ट लागते हे खरं, पण ती मुलीचीच कशाला?

कॉपीवाला | ११:३०

रात्री चिंचेचं_झाड यांचा प्रतिसाद वाचला आणि झोप गेली. असा शर्ट मी कधी बदलायला लावलेला नाही. पण 'नव्या शर्टातला फोटो चालणार नाही' असं ईमेल केलेलं आहे. एकदा नाही.

पुणेकरांशी सहमत. धंद्याच्या भाषेत सांगतो: वाचकाला एक माणूस हवा असतो. तो माणूस दुःखी असलाच पाहिजे असं काही नाही. त्याला करायला काहीतरी ठोस काम हवं, अडचण हवी, आणि पुढे काय होणार याची उत्सुकता हवी. रडवणं सोपं म्हणून आम्ही रडवतो. डेडलाइन असते, रडवलं की पहिल्या खर्ड्यात पास होतं. मोठी माणसं शोधा ताई. सज्ञान, स्वतः बोलू शकणारी, 'नाही' म्हणू शकणारी. वसतिगृहात अशी कोण आहेत?

वाळवण | ११:४१

वॉर्डनबाई आहेत, पण त्या बोलत नाहीत, ओरडतात. स्वयंपाकाच्या मावशी आहेत. हिशेब बघणारे एक भाऊ आहेत.

तुम्हा सगळ्यांना लगेच उत्तर देता येत नाहीये, पण सगळं दोनदा वाचलंय. चिंचेचं_झाड, तुम्हाला काय म्हणू? मी पुढच्या शनिवारी वसतिगृहावर जातेय. तिच्याशी बोलते आणि मग इथे लिहिते.

हरभरा | ११:४३

ताई, पेढे नका नेऊ.

वाळवण | पुढचा रविवार, रात्री ९:१८

जाऊन आले. पेढे नेले नाहीत, भडंग नेलं.

गेल्या वर्षीचं पत्र बरोबर घेतलं होतं. ती पाण्याच्या टाकीपाशी कपडे पिळत होती. म्हटलं, हे मी तुला न विचारता लिहिलं, आता तू वाच आणि काय चुकलं ते सांग. मला वाटलं होतं रडेल किंवा काहीच बोलणार नाही. तिनं ओले हात ओढणीला पुसले, पत्र घेतलं आणि पेन मागितलं.

सांगते काय काय खोडलं.

मी लिहिलं होतं, 'पत्र्याच्या झोपडीत जन्मलेली.' त्यावर काट. 'कोपी असते. पाचटाची. पत्रा असता तर उन्हानं शिजलो असतो आम्ही.' मी इतकी वर्षं जाते-येते आणि मला हे माहीत नव्हतं. फडावर कधी गेलेच नव्हते ना.

'अक्षरशत्रू वडील', काट. 'अण्णाला काट्यावरची पावती वाचता येते. टनाचा आकडा चुकला तर मुकादमाशी तोच भांडतो, बाकीचे त्याला पुढं करतात.' हे सांगताना तिचा आवाज चढला होता. म्हणजे ज्या माणसाला मी 'दारुडा बाप' करून टाकलं, तो टोळीच्या वतीनं भांडणारा माणूस. दारूच्या वाक्यावर ती थांबली. 'हे काढा.' मी म्हटलं, चुकीचं आहे का? म्हणाली, 'चुकीचं नाही. काढा.'

लग्न ठरलेलं, त्यावर आडवी रेघ मारली, बोलली काही नाही.

७८ टक्के तेवढे राहू दिले. 'ते माझे आहेत.'

मग विचारलं, हे कुणाकुणाला जातं? मी यादी दाखवली, पिशवीतच होती. तिनं सगळी चाळली. बाराशे नावं हो, बोट ठेवून ठेवून. शाळेतल्या त्या सरांच्या नावापाशी आली आणि बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघितलं. मी त्यांचं नाव यादीतून काढलंय. वर्षाला पाचशे रुपये देतात ते. कार्यकारिणी विचारेल तेव्हा बघू.

यंदाच्या पत्रात तू हवीस का, असंही विचारलं, खरंच विचारायचं म्हणून. 'यंदा नको. बारावी झाल्यावर मी लिहीन, तुम्ही नका लिहू.'

अजून 'मॅडम'च म्हणते. भडंग मात्र खाल्लं.

चिंचेचं_झाड | ९:४०

'ते माझे आहेत.' वा पोरी.

काळा_डगला | ९:४४

ही संमती. हिचा नमुना कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.

कॉपीवाला | १०:०२

मग पत्राचं काय? छपाईला किती दिवस आहेत?

वाळवण | १०:३०

तेच सांगत होते. परत निघताना स्वयंपाकघरात डोकावले. मावशी भाकऱ्या थापत होत्या. रोजच्या अडीचशे होतात दोन्ही वेळच्या मिळून, मदतीला दोघी असतात पण थापणं यांचंच. त्यांना सहज म्हटलं, मावशी, यंदा पत्रात तुमच्याबद्दल लिहू का? मी सगळं समजावून सांगणार होते, कुठं जातं, कोण वाचतं, नको असेल तर नको म्हणा. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. 'लिव्हा की. नाव खरं टाका. आडनावासकट टाका. फोटो कधी काढताय?'

तर यंदा पत्रात मावशी आहेत. त्या स्वतः पंधरा वर्षं कोयता चालवून आल्यात, नवऱ्याबरोबर जोडीनं. त्या म्हणतात, तिथं मोळी बांधताना जेवढी घाई असायची तेवढीच इथं तव्यावर असते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की वळत नाही, भाकरीला चिरा जातात, मग गरम पाण्याची उकड काढायची. कोणती मुलगी घरची आठवण आली की भाकरी ताटाखाली लपवते हे त्यांना माहीत असतं. नाव विचारलं तर सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. हे सगळं पत्रात घेतलंय. आणि हो, कॉपीवाले, ज्वारीचे क्विंटल पुन्हा आलेत, पण आता ते मावशींच्या तोंडून आलेत: 'अठ्ठावीस पोती लागत्यात, बावीसच भरल्यात.' प्रयोगवाल्यांना विचारा हे आकड्यात धरायचं की गोष्टीत.

ता.क.मध्ये खातेक्रमांक टाकलाय. पिळवटणारं काही सुचलं नाही.

जर्सीकर | १०:५१

लपवलेली भाकरी पिळवटणारी नाही का?

वाळवण | १०:५८

आहे हो. ती ओळ तीनदा काढली, तीनदा घातली. तुम्हाला काय वाटतं?

चिंचेचं_झाड | ११:२०

मी लपवायचो. ठेवा. कोण ते लिहिलेलं नाही, आणि सांगणारी आमच्याच बाजूची आहे.

निरुपद्रवी | ११:२५

मी असतो तर काढली असती. बासष्टांतल्या ज्या दोघी-तिघी लपवतात त्यांना वाचल्यावर कळणारच आपल्याबद्दल आहे. आणि मावशींनी त्यांचं बिंग फोडलं असं वाटेल.

चिंचेचं_झाड | ११:३१

हम्म. हे डोक्यात नव्हतं आलं.

सीए_काका | ११:४०

पत्र छापण्यापूर्वी पैशांचा अंदाज बांधू नका. गेल्या वर्षीच्या दीडपटीशी तुलना करणार कार्यकारिणी, आणि कमी आले की पुढच्या वर्षी पुन्हा मुलगी मागणार. आत्ताच लिहून ठेवा की यंदा पत्र वेगळं का केलं. इतिवृत्तात घ्या. इतिवृत्तात असलं की कुणी भांडत नाही, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव.

कॉपीवाला | ११:४६

कमी येतील असं गृहीत धरूनच चाला. थोडे कमी येतीलही. मला जानेवारीत आकडा सांगाल का? कुतूहल आहे, आणि माझे दोन क्लायंट आहेत ज्यांना मी हे दाखवणार आहे.

वाळवण | मंगळवार, सायंकाळी ६:०५

काका, इतिवृत्तात घेतलं. सरांचं नाव का गाळलं हेही घेतलं. अध्यक्ष जरा कुरकुरले.

भाकरीची ओळ काढली. निरुपद्रवी, तुमच्यामुळे. त्या जागी उकड सविस्तर लिहिलीय.

छापायला द्यायच्या आधी पूर्ण पत्र मावशींना वाचून दाखवलं, चुलीपाशी बसून. ऐकताना भाकऱ्या थांबवल्या नाहीत. एक दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं 'मावशी पहाटे चारला उठतात.' म्हणाल्या, 'साडेतीन लिव्हा. चारला तर वॉर्डनबाई बी उठत्यात.'